डाकोटावरच्या अळूवड्या

आमच्या घरात पाहुण्यांना बसायला धड दोन खुर्च्या नव्हत्या, पण विमानं सात होती. म्हणजे सात विमानांचे तुकडे. अण्णा मात्र त्यांना तुकडे म्हणत नसत. 'हरिकेन' ट्रंकेवर असे, 'लिबरेटर' खिडकीत, आणि दारातून आत येताच हमखास ठेच लागेल अशा जागी, स्वतंत्र लाकडी पाटावर, 'स्पिटफायर'. ते एक ओबडधोबड, जड लोखंडी चाक होतं. त्याचा एक भाग फुटून गेलेला. पाटाला अण्णांनी पाटी लावली होती, पांढऱ्या रंगात, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात: 'स्पिटफायर. पंख्याचा मध्यभाग. बर्मिंगहॅम.' माझे वडील गोरखीतल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी नुसतं 'खरकटं' असं लिहिलं असतं तरी लोकांनी हात जोडले असते.

आम्ही माधवगंजात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली बँडवाल्याचं दुकान. लग्नसराई आली की ते तालीम करत, आणि तालीम नेहमी अर्ध्या गाण्याची. उरलेलं अर्धं त्यांना येत नव्हतं की ते पैसे घेतल्याशिवाय वाजवत नव्हते, हे मला अजून कळलेलं नाही. त्या तुताऱ्यांच्या आवाजात आई फोडणी घालायची, मी अभ्यास करायचे आणि अण्णा भिंगातून लोखंड बघायचे. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले होते, असं घरात फार अभिमानानं सांगितलं जाई. ती तलवार पुढे कुठं गेली, हे कोणी सांगत नसे. बहुतेक कधीतरी कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडेच, गेली असावी, आणि अण्णा तिची वसुली करत होते.

अण्णांना हे वेड लागलं ते महायुद्धात. शहराबाहेर तेव्हा लष्करी विमानतळ होता आणि शाळकरी अण्णा सायकल मारत तिथवर जाऊन तारेच्या कुंपणाला चिकटून उभे राहायचे. एका गोऱ्या शिपायानं, दया आली म्हणून किंवा कटकट जावी म्हणून, त्यांना एक पुस्तिका दिली. तिच्यात विमानांच्या नुसत्या काळ्या सावल्या होत्या, खालून दिसतात तशा. युद्ध संपलं, विमानं मोडून वजनावर विकली गेली, पण अण्णांच्या डोक्यातल्या सावल्या काही हलल्या नाहीत. त्यांना विमानदलात जायचं होतं. आजोबांनी, म्हणजे त्या तलवारवाल्या घराण्याच्या वारसानं, 'आकाशात बामणा-मराठ्यांचं काय काम' असं म्हणून त्यांना ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवलं.

दर रविवारी सकाळी आम्ही बिर्लानगरकडे मुन्नालाल कबाड्याच्या आवारात जायचो. अण्णा सायकलवर, मी मागं कॅरियरवर. मुन्नालाल लांबूनच ओरडायचा, "आओ मास्साब! आज तो पुष्पक विमान का पुर्जा आया है, सीधा लंका से!" अण्णांना चेष्टा कळत नसे असं नाही. त्यांना ती ऐकायला वेळ नसे. ते ढिगात शिरायचे, एखादा तुकडा उचलून हात लांब करून, एक डोळा मिटून बघायचे आणि निकाल द्यायचे: "शेपटीचं सुकाणू. हरिकेन." चित्रकार माणूस. आकार बघायचा आणि ठरवायचं. मी आठवीत असताना त्यांनी मला एक वही दिली आणि नोंदी ठेवायला सांगितलं, कारण माझं अक्षर त्यांच्यावर गेलं होतं. ती त्यांची चूक झाली. आकार बघता बघता मी आकडे बघायला लागले.

विमानाच्या प्रत्येक तुकड्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. कुठं शिक्का, कुठं ठोकलेला नंबर, कुठं तपासनिसाची खूण. लिंबाच्या सालीनं आणि राखेनं घासलं की ते वर येतं. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की सगळं कागदावर उमटतं. फुटक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक मी कायम जवळ ठेवायचे. ते चिकटलं की बहुधा समजावं, हे उडणारं नव्हे. आतला रंगही बोलतो. इंग्रजांचा राखाडी हिरवा, अमेरिकनांचा पिवळट हिरवा. हे मला कोणी शिकवलं नाही. मुन्नालालच्या आवारात मागच्या भिंतीला एका डाकोटाच्या, म्हणजे अमेरिकन मालवाहू विमानाच्या, पंखाचा मोठा सांगाडा टेकवून ठेवला होता, कापायला अवघड म्हणून वर्षानुवर्षं पडलेला. शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहावं तसं मी त्याच्याकडे बघून शिकले. आज माझी नात फोन समोर धरते आणि फोन सांगतो ही वस्तू काय आहे. परवा त्यानं माझ्या जुन्या वर्नियर कॅलिपरला 'केसांचा चिमटा' म्हटलं. विज्ञान पुढं गेलंय खरं.

आता स्पिटफायरबद्दल. त्या फुटक्या चाकावर ओतीव उठावाची तीन इंग्रजी अक्षरं शिल्लक होती: एच, ए, एम. अण्णांनी ती पाहिली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "बर्मिंगहॅम! सुलू, स्पिटफायर तिथंच बनायची!" त्या एका काट्यावर शाळेत प्रदर्शन भरलं, चाकाला हार घातला गेला, अण्णांचं पंधरा मिनिटांचं भाषण झालं. मी अकरावीत असताना मुन्नालालकडे एका कापडगिरणीची जुनी यंत्रं मोडीत आली. त्यात अगदी तसंच चाक होतं, अख्खं. त्यावर पूर्ण शब्द होता: ओल्डहॅम. विलायतेत सूत कातायची यंत्रं करणारं गाव. आमचं स्पिटफायर सूत कातत होतं.

मी ते अख्खं चाक तिथंच ढिगात उलटं करून ठेवलं, अण्णांना दिसू नये म्हणून, आणि वर्षभर तोंड शिवून बसले. चुंबकाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. श्रद्धेला चुंबक लावायचं नसतं.

या सगळ्या संग्रहातली एकच वस्तू आईच्या ताब्यात होती. दीड वीत लांबीचा एक पत्रा, त्याला तीन मोठी गोल भोकं, भोकांच्या कडा आत मुडपलेल्या. मुन्नालालनं तो एका खरेदीवर फुकट टाकून दिला होता. अण्णांनी हात लांब करून, डोळा मिटून निकाल दिला होता, "कुठल्या तरी बसचा पत्रा. फालतू." आईनं तो राखेनं घासून लख्ख केला आणि पातेल्यात ठेवून त्यावर अळूवड्या उकडायला लागली. वळकट्या भोकांवर आडव्या छान बसायच्या, वाफ खालून बरोबर लागायची. आई इंदूरची होती, सात विमानांच्या घरात पडली होती, आणि विमानविद्येबद्दल तिचं एकच मत होतं: "यातलं एक तरी कामाला येतंय, नशीब." पत्र्याच्या मुडपलेल्या कडेत, जिथं राख पोचली नव्हती, तिथं थोडा पिवळट हिरवा रंग होता आणि एक नंबर. मी त्याचा कागद करून वहीत चिकटवला होता आणि पुढे डाकोटाच्या सांगाड्याशी ताडूनही पाहिला होता. तेही कोणाला सांगितलं नाही. तो रंग विषारी असतो असं अलीकडे कुठंतरी वाचलं. आम्ही त्यावर किती वर्षं अळूवड्या खाल्ल्या याचा हिशेब मी मांडत नाही. माझी सत्तरी उलटली आहे, आता विषालाच घाई नसावी.

अकरावी झाली. मला पॉलिटेक्निकात जायचं होतं. अण्णा म्हणाले, "मुलीच्या जातीला मशिनी घेऊन काय करायचंय?" हे वाक्य त्यांनी ट्रंकेवरच्या हरिकेनवर कोपर टेकून उच्चारलं. आत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, तत्परतेनं एक स्थळ काढलं. झाशीचं घर, आपल्यातलंच. मुलगा रेल्वेत. मुलाचे वडील विमानदलातून निवृत्त झालेले वॉरंट ऑफिसर, सगळं आयुष्य विमानं दुरुस्त करण्यात गेलेलं. "तुझ्या या भंगारवर खूश होऊन जाईल तो माणूस," आत्या अण्णांना म्हणाली. आत्याचे अंदाज नेहमीच असे अचूक असत.

अण्णांनी आठ दिवस तयारी केली. माझी नव्हे, विमानांची. पाट्या पुन्हा रंगवल्या, स्पिटफायरला तेल लावलं. मला आत्याची नारिंगी साडी नेसवली, जी मला पडद्यासारखी दिसत होती, आणि बजावलं गेलं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पाहुणे दुपारी आले. वॉरंट साहेब उंच, पांढऱ्या मिशांचे, पाय आपटत जिना चढणारे. त्यांचा मुलगा शरद त्यांच्यामागून आला, बसला, आणि अळूवडीकडे बघायला लागला. त्या मुलाबद्दल मला एवढंच आठवतं, आणि हे मी निंदा म्हणून सांगत नाही; त्या दिवशी खोलीत तोच एक समाधानी माणूस होता. खाली बँडवाल्यांनी नेमकी वरातीच्या गाण्याची तालीम धरली, पहिल्या अर्ध्याची.

वॉरंट साहेबांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग त्यांची नजर पाटीवर गेली. ते उठले, चाकाशी वाकले, बोटानं टिचकी मारली. आणि हसले. साधं हसले नाहीत. मिशा हलल्या, खांदे हलले.

"मास्तरसाहेब, हे काय आहे?"

"स्पिटफायर," अण्णा म्हणाले. "लिहिलंय ना."

"लिहिलंय तर तुम्ही. मी तीन वर्षं स्पिटफायरवर काम केलंय. हे तिच्या पंख्यात बसवलं असतं तर ती धावपट्टीवरच नाक घासून बसली असती. अहो, हे मिलचं भंगार आहे!"

"आपल्याला कदाचित आठवत नसेल," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "फार वर्षं झाली. याच्यावर गावाचं नाव आहे. आणि आम्ही सगळं तपासून, नोंदवून ठेवलेलं आहे. सुलू, वही आण. सांग यांना."

मी वही आणली. ती छातीशी धरून मी उभी राहिले आणि अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असं बघत होते, जसं वकील आपल्या खात्रीच्या साक्षीदाराकडे बघतो. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवली, नको म्हणून. तिला काय माहीत होतं कोण जाणे. तिला बहुतेक सगळंच माहीत असायचं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. 'हो, तपासलंय' एवढंच म्हणायचं. पण मी वही उघडली. त्या पानावर मी वर्षापूर्वी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'गिरणीचं चाक. ओल्डहॅम. अण्णांना सांगू नये.'

"अण्णा," मी म्हणाले, "ते मिलचंच आहे."

खालचा बँड अर्ध्यावर थांबला, नेहमीच्या जागी.

अण्णा खाली बसले आणि धोतराची निरी उगाच सारखी करत राहिले. पुढे आयुष्यात मी बऱ्याच माणसांना त्यांच्या तोंडावर चुकीचं ठरवलं, त्यात दोन साहेबही होते, पण त्या निरीवरच्या हातांसारखं मला पुन्हा काही बघावं लागलं नाही.

वॉरंट साहेबांना इथं थांबता आलं असतं. पण जिंकलेला माणूस सहसा थांबत नाही. "बघा! पोरगी खरं बोलली," ते म्हणाले आणि खोलीभर फिरले. "हे ट्रकचं. हा पंपाचा पाइप. आणि हे, देवा, हे तर शिलाई मशीनचं पायदान!" ते लिबरेटर होतं. "मास्तर, बुरा मानू नका, पण तुमच्या या अख्ख्या घरात विमानाचा एक खिळा नाही. काय?"

अण्णा चूक होते ते होते, पण ते आमचे होते. मी वही ठेवली, स्वयंपाकघरात गेले, पातेल्याचं झाकण काढलं. दुसरा घाणा चालू होता. मी वळकट्या ताटात लोटल्या, फडक्यात धरून तो वाफाळता पत्रा उचलला आणि बाहेर आणून वॉरंट साहेबांसमोर स्टुलावर ठेवला. हळदीचं पाणी टपटप गळत होतं.

"हे बघा," मी म्हणाले.

आत्या ओरडली, "अगं, वेडी का खुळी! ती अळूवडीची चाळण आहे!"

"आत्या, ही चाळण डाकोटाची आहे. पंखाच्या मागच्या बाजूला खाली उघडते ती झडप असते, तिच्या आतली फासळी. वजन कमी व्हावं म्हणून भोकं, ताकद जाऊ नये म्हणून कडा मुडपलेल्या. या कडेत आतला रंग आहे. इथं नंबर आहे. मुन्नालालकडच्या सांगाड्यात अशाच फासळ्या आहेत, नंबराचे पहिले चार आकडे तेच." मग एक वाक्य जास्तीचं गेलं. नेहमी जातं. "साहेबांनी आतापर्यंत हिच्यावरच्या सहा वड्या खाल्ल्या."

वॉरंट साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला. पत्रा गरम होता तरी दोन्ही हातांत घेतला आणि अंगठा एका भोकाच्या कडेवरून सावकाश फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांच्या अंगठ्यानं ओळखलं. ते मला दिसलं, अण्णांनाही दिसलं. पण तोंडानं ते म्हणाले, "हूं." मग पत्रा खाली ठेवला, रुमालानं हात पुसले, आणि शरदला म्हणाले, "चल. गाडीची वेळ झाली." गाडीला तीन तास होते.

तर अशा तऱ्हेनं मी एका दुपारी दोन बाप आणि एक स्थळ घालवलं. आत्या जिन्यावरूनच बोलायला लागली ती तिच्या घरापर्यंत बोलत गेली असणार. "हुशारी दाखवून राहिली! तिथं नाही चालत हुशारी!" आईनं उरलेल्या वळकट्या कापल्या, तळल्या आणि आम्ही तिघांनी खाल्ल्या. अण्णांनी दोनच खाल्ल्या.

त्यानंतर तीन आठवडे अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशी फार सभ्यपणे वागायला लागले, परक्याच्या मुलीशी वागतात तसे. पाटी एके सकाळी दिसेनाशी झाली. चाक तिथंच राहिलं, बिननावाचं, आणि त्याला ठेच लागली तरी आता कोणी काही म्हणेना. रविवारी सायकल घरीच. आईनं एकदा मला भाजी निवडता निवडता म्हटलं, "तू खरं बोललीस ते ठीकच झालं." थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्यांना आधी घरात सांगायला हवं होतंस गं. वर्षभर काय केलंस?" मी समजत होते की मी अण्णांना जपतेय. खरं तर मला ते गुपित आवडलं होतं. आपल्या बापाला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, याची चव मी वर्षभर एकटीनं घेत होते. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण लाज वाटणारं सोडून दिलं तर आठवणींच्या या पुस्तकात फक्त पदार्थांच्या कृती उरतील.

चौथ्या आठवड्यात झाशीहून पोस्टकार्ड आलं. अण्णांनी ते दारातच उभं राहून वाचलं, मग आत येऊन पुन्हा वाचलं. मग माझ्यापुढं ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बारीक, सरळ अक्षर होतं, यंत्राच्या नोंदवहीत लिहावं तसं.

'रा. रा. मास्तरसाहेब यांस सा. न. आपली कन्या आमच्या घरात मावेल असे वाटत नाही, म्हणून नकार कळवतो. ती आपल्याही घरात मावेल असे वाटत नाही. तिला पॉलिटेक्निकात घालावे. दुसरे असे की, त्या फासळीच्या डाव्या टोकाला, दुमडीच्या आत, दुसरा एखादा लहान शिक्का आहे काय, ते पाहून कळवावे. डाकोटावर मी अकरा वर्षे होतो. त्या दिवशी मी तो पत्रा ओळखला होता. तसे बोलायला हवे होते.'

मी वर पाहिलं. अण्णांची पाठ होती माझ्याकडे. खाली बँडवाले एकेक तुतारी पुसत बसले होते, त्यांचं नुसतं खाकरणं ऐकू येत होतं.

"नकार आहे," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"हो," अण्णा म्हणाले. "शिक्का आहे का?"

"मी कधी बघितलं नाही. तिथवर राख जात नाही."

ते स्वयंपाकघरात गेले. आईशी काहीतरी बोलणं झालं, आईचा आवाज आला, "आत्ता? माझं पातेलं चढलेलं आहे!" मग झाकण वाजलं. अण्णा पत्रा घेऊन आले, धोतराच्या सोग्यानं पुसत. पेन्सिलीला त्यांनी स्वतः टोक केलं, ड्रॉइंग मास्तर करतात तसं लांब, आणि पातळ कागद ठेवला.

"उत्तर तू लिही," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं, आणि मी त्यावर काही बोलावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. जूनमध्ये ते माझ्याबरोबर पॉलिटेक्निकात अर्ज द्यायला आले. तिथला कारकून म्हणाला, इथं मुली नसतात. अण्णा म्हणाले, "ही असेल." पण ते नंतर. त्या दिवशी मी जमिनीवर बसून दुमडीत सुईच्या टोकानं मळ कोरत होते, आणि अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसून, पत्रा हलू नये म्हणून, तो दोन्ही हातांनी घट्ट धरून होते.